सिनेमात प्यायलेली बाटली

लुंका साका,
३ मे २००३

फ्रुसिनाताई,

धाकट्या भावाचा, बुर्चाचा, पायांना हात. मी ठणठणीत आहे, गुडघा दुखतो, कुत्रं मेलं, बाकी सगळं झकास.

तू फोन करत जाऊ नकोस. तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं, आणि मग तिकडे स्पेनमध्ये तुझे पैसे माझ्या रडण्यात जातात. पत्रच बरं. मी बोलतो, साफ्ता लिहिते. पोरगी एकोणीस वर्षांची झाली, लग्नाचा पत्ता नाही, निदान अक्षर तरी कामाला येतंय.

बातमी अशी, की गावात सिनेमा आलाय. बुखारेस्टहून गाड्या भरभरून माणसं आली आणि शाळेच्या पटांगणात तंबू ठोकून बसली. चर्चची भिंत फार नवी दिसते म्हणून तिच्यावर चिखल फासून ती जुनी केली. पाद्रीबाबा रडकुंडीला आलाय, त्या रंगासाठी त्यानं पाच वर्षं वर्गणी मागितली होती. सिनेमा कशावर, तर आपल्या रोमा लोकांच्या गुलामगिरीवर! दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी आपण म्हणे मठांचे आणि बोयारांचे, म्हणजे त्या जुन्या जमीनदारांचे, गुलाम होतो. विकायचे म्हणे आपल्याला, गाईम्हशींसारखे.

मी दिग्दर्शकाला, होरियासाहेबांना, तिथल्या तिथं सांगितलं. म्हटलं, साहेब, ते दुसरे रोमा. ते हवेल्यांमध्ये खरकटी भांडी घासणारे. आम्ही तांबट. आम्ही तांब्याचे हंडे ठोकत मुलुखभर हिंडायचो, वर्षातून एकदा राजाला नजराणा दिला की मोकळे. तर साहेब हळूच म्हणतात, "बुर्चाभाऊ, तो नजराणा नव्हता. तुम्ही राजाचे गुलाम होतात, तो तुम्हाला हिंडू द्यायचा आणि वसुली करायचा." मी म्हटलं, राजाचे असू तर असू, बोयाराचे तर नव्हतो ना! माणसानं आपला दर्जा सोडू नये.

मग मी म्हटलं, मला बोयार करा. मिशी बघा, पोट बघा, टोपीचा घेर बघा. साहेबांनी बराच वेळ मला न्याहाळलं. म्हणाले, चेहरा बोयाराचाच आहे हो, पण रंग... आता बोयार बुखारेस्टहून आणलाय. काडीपैलवान. रोज सकाळी त्याच्या पोटाला उशी बांधतात.

मला गुलाम केलंय. पण साधासुधा नव्हे, बोलणारा. नायिका गुलाम पोरगी आहे, तिचा बाप मी. आणि साहेबांना सगळं अस्सल लागतं, म्हणून ती पोरगी आपली साफ्ताच. तिला पितेश्टीच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली आहे, ते तुला तिनं कळवलंच असेल. त्याचं सप्टेंबरमध्ये बघू. आधी सिनेमा.

तुझा,
बुर्चा

आत्या, मी साफ्ता. बाबांनी "बघू" म्हटलं की त्याचा अर्थ काय ते तुला माहीत आहे. पण यावेळी त्यांनी "नाही" म्हटलेलं नाही, एवढंही आपल्याकडे पुष्कळ. आई असती तर तिनं एव्हाना माझी ट्रंक भरून दाराशी ठेवली असती. आणि त्यांच्या टोपीबद्दल: गुलामांना टोपी नव्हती असं साहेब म्हणाले, तेव्हा बाबा रुसून दोन दिवस चित्रीकरणाला गेले नाहीत.


कास्तेयोन,
१९ मे

बुर्चा बाळा,

हे पत्र माझ्या हातचं आहे. इथल्या आपल्या लोकांच्या प्रार्थनाघरात संध्याकाळी लिहायला शिकवतात. ओळी वर-खाली पळतात, पण माझी मी पळवते. संत्र्यांचा हंगाम संपला. आता एका स्पॅनिश म्हातारीला न्हाऊमाखू घालते. ती मला राणी म्हणते, कारण तिला दुसरं कुणाचं नाव आठवत नाही.

तू गुलाम झालास हे वाचून मी एवढी हसले की म्हातारी दचकली. लहानपणी आईनं तुला विहिरीवरून पाणी आणायला सांगितलं की तू म्हणायचास, "मी काय कुणाचा नोकर आहे?" आता कॅमेऱ्यासमोर हातात बेड्या! कर बाबा, पोटभर गुलामी कर. जेवण देतात ना? पावटे का होईना, वाडगाभर जास्त माग.

पण एक विचारते. आपली आजी मरताना तिच्या आजीचं बोलणं बडबडायची, "राजाची माणसं आली, राजाची माणसं आली, पोरींना लपवा." आपण म्हणायचो, म्हातारीला भ्रम झालाय. बुर्चा, नजराणा न्यायला आलेल्या पाहुण्यांपासून पोरींना कुणी लपवतं का रे?

असो. वय होत चाललं तसे मला वाईट विचार फार येतात.

साफ्ता, तुझं अभिनंदन. नर्सचा पांढरा झगा घातलास की पहिला फोटो मला. इथल्या इस्पितळात एक रोमा नर्स आहे, तिच्याशी बोलताना डॉक्टरही खुर्चीत सरळ बसतो.

सिनेमात लग्न वगैरे आहे का? असेल तर साफ्ताला कुणाचा झगा घातला ते मला कळवा.

फ्रुसिना


लुंका साका,
८ जून

फ्रुसिनाताई,

लग्न आहे! तूच विचारलंस, म्हणून सविस्तर लिहवतो.

प्रसंग असा, की बोयार आपल्या मर्जीनं गुलामांची लग्नं लावतो. बोट दाखवतो, हा पोरगा, ही पोरगी, झालं. आता साहेबांच्या कागदावर लिहिलं होतं की पोराचा बाप येतो आणि पोरीच्या बापाचा हात हातात घेतो. मी म्हटलं, छे! हातबीत काय? पोराच्या बापानं बाटली आणली पाहिजे. लाल रेशमी रुमालात गुंडाळलेली, गळ्यात सोन्याच्या मोहरांची माळ घातलेली. पोरीचा बाप बाटलीतून प्यायला की सोयरीक पक्की, माळ पोरीच्या गळ्यात. हे ऐकून होरियासाहेबांचे डोळे असे पाणावले, की मला वाटलं त्यांचीच पोरगी चाललीय.

पोराचा बाप झालाय आपला मुखिया, झुर्का. पोरगा त्याचाच धाकटा, फेरो. सिनेमावाल्यांनी आणलेली बाटली बघून झुर्का म्हणाला, "ही तर व्हिनेगरची बाटली. थांबा, घरची आणतो." आणली. खरा रुमाल, खऱ्या मोहरा, आणि आत त्याची आलुबुखाऱ्याची जुनी दारू. साहेब म्हणाले, "झुर्काभाऊ, तुमच्यामुळे माझा सिनेमा अस्सल झाला!"

ताई, दारू काय होती म्हणून सांगू! मी प्यायलो, साहेब म्हणाले पुन्हा. उजेड बदलला, पुन्हा. बोयाराची उशी घसरली, पुन्हा. मला एकदाही तक्रार करावीशी वाटली नाही. साहेब म्हणाले, इतका सहज अभिनय त्यांनी वर्षानुवर्षांत बघितला नाही.

झुर्काही हल्ली भेटला की फार हसतो. मोठा माणूस आहे, गर्व नाही.

बुर्चा

आत्या, बाबांनी पुढचं सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. ते आता बाहेर हंडा ठोकतायत, गरज नसताना.

प्रसंग संपल्यावर मी माळ काढून झुर्काकाकांना परत द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतले. म्हणाले, "राहू दे सूनबाई, ती आता तुझीच." मला वाटलं चेष्टा. दुसऱ्या दिवशी ते भावाला घेऊन घरी आले. म्हणे बाटली माझी, दारू माझी, चारचौघांत प्यायली, लग्न ऑगस्टमध्ये, सेंट मेरीच्या सणाला. बाबांनी ते हसण्यावारी नेलं. ते पुन्हा आले, यावेळी टोपी न काढता. आता बाबा हसत नाहीत.

माळ मी पिठाच्या डब्यात लपवलीय. परत फेकली तर अपमान, ठेवली तर होकार. फेरो तसा वाईट नाही. त्याचं मन बेकरीवाल्याच्या मुलीवर आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक, फक्त त्याच्या बापाला नाही. पण तो बापापुढे तोंड उघडायचा नाही. आणि सून शहरात कॉलेजला जाणार असं झुर्काच्या घरात कुणी म्हटलं, तर घरातली चूल विझेल. लग्न झालं की पितेश्टी संपलं. मी काय करू?


कास्तेयोन,
२२ जून

बुर्चा,

हात दाखवून अवलक्षण याला म्हणतात! त्या शहरी माणसाच्या कागदावर साधं हात मिळवणं होतं. बाटलीची अक्कल कुणी दिली? तू. आणि कुणाची बाटली? ज्या झुर्कानं स्वतःच्या मेव्हण्याला आंधळा घोडा डोळस म्हणून विकला, त्याची! तो अस्सलपणासाठी घरून दारू आणेल होय? त्याला फुकटात शिकलेली, हातीपायी धड सून हवी होती, आणि तू ती कॅमेऱ्यापुढे घोट घोट करून दिलीस.

आता नीट ऐक. मी रात्रंदिवस यावर डोकं खाजवलंय. त्या प्रसंगात तू कोण होतास? गुलाम. गुलामाची लेक कुणाची? बोयाराची. तुझ्या सिनेमात बोयार बोट दाखवतो आणि लग्न होतं, बापाला विचारतो का? मग जी लेक तुझी नव्हतीच, ती तू बाटली पिऊन दिलीस कशी? पंचायत बोलाव. पंचांपुढे उभा राहा आणि म्हण: मी प्यायलो तेव्हा मी गुलाम होतो, आणि गुलामाच्या शब्दाला किंमत नसते.

साफ्ता, हा भाग त्याला सावकाश वाचून दाखव. मध्ये उठून गेला तर मागे मागे जाऊन वाच.

फ्रुसिना


लुंका साका,
६ जुलै

ताई,

तुझं पत्र ऐकलं. पोरगी खरंच परसापर्यंत मागे आली.

मी, बुर्चा, पंचायतीत उभा राहून म्हणू की मी गुलाम होतो? ज्यांच्या लग्नांत मी जेवलो, ज्यांच्या भांडणांत मी निवाडे केले, त्यांच्यापुढे? माझ्या बापानं हातोडा खाली ठेवला तो फक्त मरताना. तो कुणाचा गुलाम नव्हता, त्याचा बाप नव्हता, त्याच्याही वरचा कुणी नव्हता. सिनेमात बेड्या घातल्या, त्या प्लास्टिकच्या होत्या. पंचायतीत तोंडानं घातलेल्या बेड्या निघत नाहीत. त्यापेक्षा पोरगी दिलेली परवडली.

आणि झुर्काचं घर काही वाईट नाही. दोन मजली आहे. वरच्या मजल्यावर अजून कुणी राहत नाही, पण आहे. पोरीला काय कमी पडेल?

पंचायत मी बोलावलीय, ती वेगळ्या मुद्द्यावर. म्हणणार, तो सगळा अभिनय होता. होरियासाहेब साक्ष द्यायला येणार आहेत. त्यांनी लगेच होकार दिला.

बुर्चा

आत्या, साहेबांनी होकार का दिला ते ऐक. त्यांना पंचायतीचं चित्रीकरण करायचंय. म्हणाले, "हे तर माझ्या पटकथेपेक्षा भारी आहे." घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

"दिलेली परवडली" असं बाबांनी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते छताकडे बघून बोलत होते, आणि मी लिहीत होते. एक शब्द चुकवला नाही. मनात आलं होतं चुकवावा. पळून जायचाही विचार आला, पण आपल्यात पळालेल्या पोरीचं काय होतं ते तू पाहिलंयस. कुणाबरोबर पळाली, एवढाच प्रश्न विचारतात. कॉलेजबरोबर पळाली, यावर कोण विश्वास ठेवेल?

मला फार भीती वाटते, आत्या.


कास्तेयोन,
१४ जुलै

बुर्चा,

घर दोन मजली आहे म्हणालास. मला दिलं ते घर एकमजली होतं, तेवढाच फरक.

तू तेव्हा लहान होतास. आपल्या बाबांनी बाटली घेतली तेव्हा मी नदीवर वाळूनं हंडा घासत होते. वर आले तर बायका गाणी म्हणत होत्या. मी विचारलं, कुणाचं लग्न? सगळ्या हसल्या. त्या हशात मी पण हसले, कारण मला कळलंच नाही. कळलं तेव्हा माळ गळ्यात होती.

नवरा बरा होता, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. पण बुर्चा, मला नको होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. आता मला राणी म्हणते ती एक भ्रमिष्ट म्हातारी.

आपले बाबा कुणाचे गुलाम नव्हते हे कबूल. मी कोण होते ते तू सांग.

फ्रुसिना


लुंका साका,
३० जुलै

फ्रुसिनाताई,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही.

पंचायत झाली. शाळेच्या वर्गातच झाली, बाकांवर. पलीकडच्या गावचा म्हातारा लिसांद्रु पंचांचा प्रमुख. कॅमेरा त्यानं बाहेर ठेवायला लावला. साहेबांना आत घेतलं, पण एकट्याला.

झुर्का उभा राहिला. काय बोलला म्हणतेस! "बाटली माझी, दारू माझी, तोंड याचं, घसा याचा. खाली कुणी ढकलली? यानंच. दुसरे बाप एकदा पितात, हा पुन्हा पुन्हा प्याला. एवढा राजीखुशीचा बाप मी जन्मात पाहिला नाही!" सगळे बाक हसून हलले. मी म्हटलं, तो अभिनय होता. लिसांद्रु म्हणाला, "बुर्चा, चेष्टेत घेतलेली शपथ ही शपथच. उद्या जो तो म्हणेल मी अभिनय करत होतो. आपल्याकडे कागद नाही, शिक्का नाही, शब्द आहे. तोही अभिनय झाला तर उरलं काय?" मग साहेबांना विचारलं, तर ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझ्या सिनेमात खोटं काहीच नाही, सगळं अस्सल आहे." बुडालो!

झुर्कानं कमरेचा पट्टा सैल केला, आता जेवायला बसतोय तसा.

तेव्हा मी टोपी काढली, ताई. मी टोपी सहसा काढत नाही, तुला माहीत आहे. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य डोक्यात घणासारखं वाजत होतं. मी म्हटलं, "पंचहो, मी प्यायलो, कबूल. पण प्यायलो तेव्हा मी बोयाराचा गुलाम होतो. गुलामाला लेक नसते. जी माझी नव्हती, ती मी झुर्काला कशी देऊ?"

झुर्का ओरडला, "हा जातीला बट्टा लावतोय! तांबट कधी गुलाम नव्हते!" आणि माझ्याच गळ्यातून निघाल्यासारखं ते वाक्य मला ऐकू आलं. किती मूर्ख वाटतं गं दुसऱ्याच्या तोंडून.

लिसांद्रुनं काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "होतो. माझ्या आज्याचा आजा एका मठाला दान दिला होता. आत्म्याच्या शांतीसाठी. आपण हे पोरांना सांगितलं नाही, कारण लाज वाटली. आपल्याला विकणाऱ्यांनी लाज बाळगायची, ती आपणच बाळगत बसलो." नंतर झुर्काकडे वळून विचारलं, "तू त्या प्रसंगात कोण होतास? तू पण गुलाम होतास की नाही?"

झुर्का म्हणाला, "मी? मी अभिनय करत होतो!"

आता बाक असे हलले की एक मोडला. शाळेला भरपाई द्यायची आहे.

निकाल झाला, ती सोयरीक नाही. मला वाटलं सुटलो. पण म्हाताऱ्यानं काठी आपटली. "थांब. त्या दिवशी लेक तुझी नव्हती. आज आहे?" मी म्हटलं, आहे. "मग झुर्काची ही बाटली समोर ठेवतो. आज तू मोकळा माणूस आहेस. पी, नाहीतर नको म्हण. पुन्हा वाद नको."

ताई, नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. झुर्काला नाही म्हणायचं, याच्यासारखं दुसरं सुख नाही. पण मग म्हटलं, हे पण मीच ठरवतोय की. हो म्हणणाराही बाप, नको म्हणणाराही बाप. तुला कुणी विचारलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा. तिला विचारून सांगतो."

काय हसले लोक! कुणीतरी म्हणालं, बुर्चाच्या डोक्यात प्लास्टिकच्या बेड्या गेल्या. पंचांनी आपसांत खूप कुजबूज केली. शेवटी लिसांद्रु म्हणाला, "पोरीला विचारू नये असा आपल्यात नियम नाही. आजवर कुणी विचारलंच नाही, म्हणून नियम करायची वेळ आली नाही." सणापर्यंत मुदत दिलीय.

आता अडचण अशी. बापानं लेकीशी लग्नाचं बोलायचं नसतं, मर्यादा आहे. माझी जीभ उचलत नाही. तिची आई असती तर तिच्यामार्फत विचारलं असतं. म्हणून हे पत्रात विचारतो. साफ्ता, लिही. हे पण लिही: बुर्चा आपल्या लेकीला विचारतो, की झुर्काच्या घरी जायचं, पितेश्टीला जायचं, की आणखी कुठे. उत्तर खाली लिही. मला वाचून दाखवू नकोस. पत्र आत्याला जाईल, आत्या मला फोनवर सांगेल. रडू आलं तरी चालेल, या वेळी पैसे मी पाठवीन.

मी बाहेर जातो.

बुर्चा

आत्या,

ते खरंच बाहेर गेले. खिडकीतून दिसतायत. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली, आणि बेकरीच्या दिशेनं निघाले.

एवढं लिहून पेन ठेवलं, ते आज दोन दिवसांनी उचलते. दुसऱ्यांची उत्तरं लिहायची सवय, स्वतःचं लिहायचं म्हटलं तर आधी घरातली बाकी कामं आठवतात. पंचायतीच्या दिवशी आम्ही बायका वर्गाच्या मागच्या खिडकीखाली बसलो होतो. बाबा "गुलाम" म्हणाले तेव्हा झुर्काकाकूनं माझा हात धरला. निकालानंतरही तिनं तो सोडला नाही. मला म्हणाली, "मला मुलगी असती तर तुझ्याबरोबर धाडली असती." माळ मी तिच्याच ओच्यात टाकली. तिनं ती घेतली आणि कुणाला काही कळलं नाही.

उत्तर असं: मी पितेश्टीला जाते. झुर्काच्या घरी नाही. लग्नाचं पुढे माझं मी सांगेन, आणि तेव्हा बाबांनी माझ्यासाठी तीच जुनी दारू शोधून आणावी, एवढी माझी अट आहे.

हे त्यांना फोनवर नक्की सांग. पण लगेच नको, सणाच्या आदल्या दिवशी सांग. सध्या ते गावभर मिरवतायत. बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, तंबूतल्या त्या उशीवाल्या बोयारालासुद्धा धरून सांगतात, "मी लेकीला विचारलं, माहीत आहे? मी!" आजवर एकानंही त्यांना विचारलेलं नाही, की मग ती काय म्हणाली.

साफ्ता